बेटावरची बँक बंद झाली, तर दुकानदाराचे अडते कुठे?

प्रश्न : स्कॉटलंडच्या बेटांवरच्या बँकांच्या शाखा एकामागून एक बंद होत आहेत आणि त्यामुळे तिथले छोटे व्यावसायिक मेटाकुटीला आले आहेत, असे वाचनात आले. मला हे कोडे उलगडत नाही. ब्रिटनसारख्या देशात सगळे व्यवहार कार्डावर आणि मोबाइलवर होत असताना शाखेवाचून दुकानदाराचे अडते कुठे? शिवाय एटीएम असतेच. ही निव्वळ जुन्या सवयीपोटी वाटणारी हळहळ तर नाही? आणि आणखी एक : बँक जात असेल तर तिथल्या लोकांनी आपल्यासारखी पतसंस्था का काढू नये?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. शाखा बंद करणाऱ्या बँकाही नेमका हाच मुद्दा मांडतात, त्यामुळे तिचे उत्तर सावकाश, टप्प्याटप्प्याने शोधायला हवे. पतसंस्थेचा प्रश्न तर फारच नेमका आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आधी थोडा भूगोल. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड हे दोन द्वीपसमूह आहेत आणि पश्चिमेला हेब्रिडीज. ऑर्कनीची लोकसंख्या सुमारे २२ हजार, शेटलंडची सुमारे २३ हजार, तर बाह्य हेब्रिडीजची २६ हजारांच्या आसपास. म्हणजे एकेका द्वीपसमूहात आपल्याकडच्या लहानशा तालुक्याच्या गावाएवढी माणसे, आणि तीही कितीतरी बेटांवर विखुरलेली. मासेमारी, मेंढ्या, लोकर, हातमागावरचे ट्वीड, उन्हाळ्यातले पर्यटक, त्यांच्यासाठी घरातल्या दोन खोल्या, एखादे उपाहारगृह, किराणा दुकान, पेट्रोल पंप अशी तिथली अर्थव्यवस्था आहे. मोठा कारखाना क्वचितच दिसतो. बहुतेक धंदे एका कुटुंबाचे, फार तर पाच-सात माणसांचे.

अशा ठिकाणी बँक पूर्वी कशी पोचली होती, हे पाहिले की आज काय गेले ते कळते. १९४६ साली नॅशनल बँक ऑफ स्कॉटलंडने लुइस बेटावर फिरती बँक सुरू केली. मोटारगाडीत काउंटर, तिजोरी आणि रोखपाल, आणि ही गाडी वाड्यावस्त्यांवर जाई. फिरत्या बँकेची कल्पना जगात जिथे पहिल्यांदा रुजली त्यांपैकी हे बेट आहे. पुढे १९६२ मध्ये तिच्या उत्तराधिकारी बँकेने ऑर्कनीत चक्क तरती बँक आणली. ‘ऑटर बँक’ नावाची बोट उत्तरेकडच्या लहान बेटांच्या धक्क्यांना लागे आणि लोक बोटीत चढून पैसे भरत. मग बोटीची जागा विमानाने घेतली. लोगनएअर ही बेटांवर उडणारी विमान कंपनी १९६८ पासून काही वर्षे बँकेच्याच मालकीची होती. तिच्या छोट्या विमानातून रोखपाल बेटाबेटांवर जात. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातले सर्वांत लहान नियमित उड्डाण याच मार्गावरचे. अंतर तीन किलोमीटरांहून कमी, वेळ दोन मिनिटांच्या आत. पलीकडच्या बेटावर जेमतेम शंभरेक माणसे, पण त्यांच्याकडेही बँकेचा माणूस विमानाने जात असे.

हे सगळे धर्मादाय म्हणून चालले नव्हते. पैसा जिथे कमावला जातो तिथे ठेवी मिळतात, ठेवी मिळतात तिथे कर्जदारही सापडतात, हा सरळ हिशेब होता. समुद्र ओलांडायचा खर्च बँक स्वतः सोसत असे, कारण तिला बेटावरचा ग्राहक हवा होता. आज तो खर्च ग्राहकाच्या अंगावर आला आहे. एवढा एक बदल ध्यानात ठेवला तर पुढचे सगळे आपोआप जुळत जाते.

आता शाखा बंद का होतात ते पाहू. ब्रिटनमध्ये २०१५ पासूनच्या दहा वर्षांत सहा हजारांहून अधिक शाखा बंद झाल्या. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने २०१० मध्ये ग्राहकांना लेखी ग्वाही दिली होती की एखाद्या गावात आमची शाखा ही शेवटची बँक असेल तर ती आम्ही बंद करणार नाही. २०१४ मध्ये ही ग्वाही मागे पडली आणि डिसेंबर २०१७ मध्ये एकट्या स्कॉटलंडमधल्या ६२ शाखा बंद करण्याची घोषणा झाली. कारण असे दिले गेले की २०१४ नंतर शाखेत येऊन होणारे व्यवहार ४० टक्क्यांनी घटले आणि मोबाइलवरचे ७३ टक्क्यांनी वाढले. त्या यादीत बॅरा बेटावरची कॅसलबेची शाखाही होती, आणि त्या बेटावर दुसरी बँक नव्हती. बेटवासीयांनी आणि त्यांच्या लोकप्रतिनिधींनी एवढा आवाज उठवला की फेब्रुवारी २०१८ मध्ये कॅसलबेसह दहा शाखांना तात्पुरते जीवदान मिळाले. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. २००८ च्या आर्थिक अरिष्टात ही बँक सरकारने जनतेचे ४५ अब्ज पौंड घालून वाचवली होती आणि २०१७ मध्येही तिचा सत्तर टक्क्यांहून जास्त हिस्सा सरकारकडेच होता. ज्यांच्या करातून बँक तगली, त्यांनाच ती निरोप देत होती.

बँकेची आकडेवारी खोटी नव्हती. शाखेत येणारी माणसे खरोखर घटली होती. पण इथे कारण आणि परिणाम यांची गल्लत होते. शाखा आठवडाभर उघडी असते तेव्हा माणूस मासळी विकून, जाता जाता, भरणा करून जातो. पुढे ती आठवड्यातले दोन-तीन दिवसच उघडू लागली, की ते दिवस आणि आपली सवड जुळतेच असे नाही. दोनदा दार बंद दिसले की तिसऱ्यांदा तो येत नाही, दुसरी काही सोय पाहतो. मग वर्षअखेरीला ग्राहकसंख्या मोजली जाते, ती कमी भरते, आणि ‘मागणीच नाही’ असा निष्कर्ष निघतो. मागणी घटायला सेवा घटवणेही कारणीभूत झाले, हे त्या तक्त्यात दिसत नाही. शिवाय मोजली जातात ती माणसे. एक दुकानदार आठवड्यातून एकदा येतो तेव्हा त्याच्या थैलीत शेकडो गिऱ्हाइकांचा पैसा असतो, पण मोजणीत त्याची नोंद ‘एक’ अशीच होते.

तुमच्या ‘एटीएम असतेच’ या मुद्द्याचे उत्तर इथेच सुरू होते. आपण बँकेकडे खातेदाराच्या नजरेने बघतो. पगार खात्यात येतो, बिले मोबाइलवरून जातात, कधी रोख लागली तर ती यंत्रातून काढायची. आपल्या लेखी बँक म्हणजे पैसे बाहेर येण्याची जागा. दुकानदाराची गरज नेमकी उलट दिशेची आहे. त्याला पैसे आत टाकायचे असतात. दिवसाचा गल्ला रात्री दुकानात ठेवणे धोक्याचे, कारण ठरावीक रकमेपलीकडच्या रोकडीला विमा संरक्षण देत नाही. आणि सकाळी दुकान उघडताना त्याला सुटे पैसे लागतात, नाण्यांच्या गुंडाळ्या लागतात. भिंतीतले साधे एटीएम नोटा देते. ते भरणा घेत नाही आणि चिल्लर तर देतच नाही. म्हणजे जे यंत्र पर्यटकाची सोय करते, ते दुकानदाराच्या कामाचे नसते.

मग तो काय करतो? जिथे टपाल कार्यालय आहे तिथे भरणा करतो. ब्रिटनमध्ये बँका आणि टपालखाते यांच्यात तसा करार आहे आणि साधे पैसे भरणे-काढणे तिथे होते. पण लहान बेटावर टपाल कार्यालय म्हणजे बहुधा कुणाच्या तरी दुकानातला एक कोपरा. तिथे मोठी रोकड मोजायला वेळ नसतो, ती सांभाळायला तिजोरी पुरत नाही, आणि शेजारच्या दुकानाचा धंदा किती झाला हे रांगेतल्या चार माणसांना कळते. दुसरा मार्ग म्हणजे पलीकडच्या बेटावरची शाखा गाठायची. समजा बॅराची शाखा नाही, तर बॅराहून एरिस्केला फेरीबोटीने चाळीस मिनिटे, तिथून समुद्रात बांधलेल्या भरावाच्या रस्त्याने साउथ यूइस्ट आणि त्यापुढे. परतीची बोट आपल्या सोयीने सुटत नाही. हवा बिघडली तर सुटतच नाही. म्हणजे भरणा करायला निघालेल्या एकट्या दुकानदाराने दिवसभर दुकान बंद ठेवायचे. त्या दिवसाची विक्री बुडाली, बोटीचे भाडे गेले, आणि हा खर्च बँकेच्या कुठल्याही ताळेबंदात दिसणार नाही.

यात एक गमतीची उलटापालट झाली आहे. २०२१ च्या वित्तीय सेवा कायद्याने ब्रिटनमधल्या दुकानांना काही न विकताही गिऱ्हाइकाला गल्ल्यातून रोख देण्याची मुभा मिळाली. गिऱ्हाईक कार्ड लावते, दुकानदार तेवढ्या नोटा हातावर ठेवतो. बेटावरच्या किराणा दुकानाला हे सोयीचे वाटते, कारण जमलेली रोकड आपोआप कमी होते. पण म्हणजे बँकेचे काम दुकानदार करू लागला, तेही स्वतःच्या जोखमीवर.

‘रोख आता वापरतो कोण?’ हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. ब्रिटनमध्ये २०२३ साली एकूण देयकांपैकी सुमारे १२ टक्केच रोखीने झाली. पंधरा वर्षांपूर्वी निम्म्याहून अधिक होत होती. म्हणजे घसरण मोठी आहे आणि ती उलटेल असे वाटत नाही. पण सरासरी देशाची असते. म्हातारी माणसे, हातावर पोट असलेले, महिन्याचा खर्च पाकिटात मोजून ठेवणारे, गावचे मेळे-जत्रा भरवणारे यांचा रोखीचा वाटा त्याहून पुष्कळ जास्त असतो, आणि तरुण शहरात निघून गेलेल्या बेटांवर अशांचेच प्रमाण मोठे.

आणि कार्ड चालते ते तारेच्या भरवशावर. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये शेटलंडने याचा अनुभव घेतला. मुख्य भूमीशी जोडणारी समुद्राखालची केबल तुटली. त्याच्या आदल्याच आठवड्यात दुसऱ्या बाजूची, फॅरो बेटांकडे जाणारी केबलही नादुरुस्त झाली होती. फोन बंद, इंटरनेट बंद, दुकानातली कार्डयंत्रे बंद, एटीएमही बंद. पोलिसांनी ती आणीबाणीची परिस्थिती म्हणून जाहीर केली. ज्यांच्या खिशात नोटा होत्या त्यांना खरेदी करता आली, बाकीच्यांना ओळखीवर उधार मिळाले असेल तेवढेच. शहरात असे झाले तर माणूस पलीकडच्या पेठेत जातो. बेटावर पलीकडे समुद्र असतो. म्हणून रोखीचा वाटा कमी झाला तरी तिची गरज त्या प्रमाणात कमी होत नाही.

इथवर आपण फक्त नोटा-नाण्यांबद्दल बोललो. खरे सांगायचे तर माझ्या मते रोख ही या प्रकरणाची लहान बाजू आहे. मोठी बाजू कर्जाची आहे आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते.

त्यासाठी जरा मागे, १७२८ सालात जाऊ. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड तेव्हा एक वर्षाची होती. एडिनबरातल्या विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्याची अडचण अशी, की माल विकला गेला होता पण पैसे हाती यायचे होते, आणि देणेकऱ्यांना मात्र आजच द्यायचे होते. बँकेने त्याला सवलत दिली : खात्यात शिल्लक नसली तरी १,००० पौंडांपर्यंत काढा, पैसे आले की भरा, आणि जेवढे वापराल तेवढ्यावरच व्याज द्या. हा जगातला पहिला ओव्हरड्राफ्ट मानला जातो. पुढे स्कॉटलंडभर ही ‘कॅश अकाउंट’ची पद्धत पसरली. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मधल्या आपल्या ग्रंथात तिची वाखाणणी केली आहे. आपल्याकडचा प्रत्येक दुकानदार ज्याला ‘सीसी’ म्हणतो, ते कॅश क्रेडिट खाते याच स्कॉटिश पद्धतीतून आलेले आहे. कोल्हापूरच्या गूळ-व्यापाऱ्याची पतमर्यादा आणि एडिनबराचा हॉग यांचे नाते असे थेट आहे.

या पद्धतीचा पाया काय होता? कर्जदाराने भरवशाचे दोन जामीन आणायचे आणि ते भरवशाचे आहेत की नाहीत हे बँकेला माहीत असायचे. म्हणजे बँकेचा माणूस गावात राहणारा, बाजारात वावरणारा हवा. कोण वेळेवर देणी देतो, कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाचा मुलगा कामाला लागला, कुणाची होडी नवी आणि कुणाची कुजत आलेली, ही माहिती कागदावर नसते. ती शाखाधिकाऱ्याच्या डोक्यात असते. शाखा बंद होते तेव्हा हे ज्ञान कुठेही पाठवले जात नाही. ते तिथेच संपते.

बेटावर याला जास्त महत्त्व का, तेही पाहू. तिथली बरीचशी शेतजमीन ‘क्रॉफ्ट’ या खास कुळवहिवाटीखाली आहे. कुळाला ती पिढ्यान्‌पिढ्या कसता येते, तिथे घर बांधता येते, पण कुळहक्क बँकेकडे गहाण टाकता येत नाही. म्हणजे तारण म्हणून दाखवायला जमीन नाही. आता अशा एका माणसाची कल्पना करा. तो थोड्या मेंढ्या पाळतो, घरातल्या मागावर हॅरिस ट्वीड विणतो, उन्हाळ्यात बायको दोन खोल्या पर्यटकांना देते आणि सकाळी तो शाळेची गाडी चालवतो. क्रॉफ्टवर राहणाऱ्यांचे जगणे बहुतेक असे चार तुकड्यांचे असते. १९९३ च्या कायद्यानुसार हॅरिस ट्वीड हे नाव लावायचे तर कापड बाह्य हेब्रिडीजमधल्या रहिवाशाने स्वतःच्या घरीच विणलेले असावे लागते, त्यामुळे वीणकराने बेट सोडून शहरात जाण्याचा पर्यायही नाही. त्याला नवा माग घ्यायचा आहे. दूरच्या शहरातल्या संगणकावरच्या अर्जात ‘व्यवसाय’ आणि ‘मासिक उत्पन्न’ यांसाठी एकेक चौकट असते. हा माणूस कुठल्याच चौकटीत नीट बसत नाही. त्याचे जूनचे उत्पन्न आणि जानेवारीचे उत्पन्न यांचा मेळ नाही, तारण नाही, आणि त्याला ओळखणारे बँकेत कुणी नाही. नकार देणारा दुष्ट असतो असे नाही. त्याच्यासमोर जेवढी माहिती आहे तेवढ्यावरून नकारच शहाणपणाचा ठरतो. पूर्वीचा शाखाधिकारी त्याच माणसाला कर्ज देऊन निवांत झोपला असता.

‘पण हे सिद्ध कसे होते? कदाचित गावच खालावले म्हणून शाखाही गेली आणि कर्जेही घटली असतील,’ अशी शंका तुमच्या मनात आली असेल तर ती उत्तम शंका आहे. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञ होआय-लू न्गुयेन यांनी ती सोडवण्याची छान युक्ती काढली. दोन मोठ्या बँकांचे विलीनीकरण झाले की ज्या भागात दोघींच्याही शाखा असतात तिथली एक बंद होते. ती त्या भागाच्या परिस्थितीमुळे बंद होत नाही, विलीनीकरणामुळे होते. अशा भागांची इतर सारख्या भागांशी तुलना केल्यावर दिसले की शाखा गेल्यावर छोट्या धंद्यांना मिळणारी कर्जे घटली, पुढची कित्येक वर्षे घटलेलीच राहिली, आणि हा परिणाम शाखेपासून सुमारे सहा मैलांच्या आतच होता. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षात घ्या, हे अशा भागांत घडले जिथे जवळपास दुसऱ्या बँका होत्या. मग शेवटची शाखा जाते तिथे काय होत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

आता दुसऱ्या बाजूचेही बोलायला हवे. बेटांवरच्या धंद्यांची सगळी दुखणी बँकेमुळे आहेत असे म्हणणे चुकीचे ठरेल. माल बोटीने आणायचा म्हणून प्रत्येक वस्तू महाग पडते. कामाला माणसे मिळत नाहीत, कारण त्यांना राहायला घरे नाहीत. आणि अलीकडे सर्वांत मोठे दुखणे म्हणजे फेरीबोटी. अ‍ॅरन बेटासाठी बांधायला घेतलेली ‘ग्लेन सॅनॉक्स’ ही बोट २०१८ मध्ये यायची, ती प्रवासी घेऊन निघाली जानेवारी २०२५ मध्ये. जुन्या बोटी बिघडत राहिल्या आणि एका मार्गावरची बोट काढून दुसऱ्या मार्गावर लावायची वेळ येत राहिली. २०२३ मध्ये साउथ यूइस्टच्या लॉकबॉइसडेल बंदराची बोट जवळजवळ संपूर्ण जून महिना रद्द झाली, तेव्हा पाचशेच्या आसपास लोक धक्क्यावर निषेधाला जमले. त्या बेटाची लोकसंख्या दोन हजारांच्या आत आहे, यावरून किती घरे बाहेर पडली असतील ते कळेल.

परंतु बोट आणि बँक ही दोन दुखणी एकमेकांना कशी बिलगलेली आहेत ते पाहा. जून म्हणजे पर्यटनाच्या चार कमाईच्या महिन्यांपैकी एक. तो बुडाला तर उपाहारगृहाच्या मालकाला पुढचे सहा महिने तग धरायला तात्पुरत्या पैशाची गरज लागते. ही गरज १७२८ च्या हॉगसारखीच आहे : धंदा बरा आहे, फक्त पैसा वेळेवर आला नाही. अशा वेळी त्याच्या खात्याची पंधरा वर्षांची चढउतार पाहिलेला अधिकारी समोर असता तर काम एका भेटीत झाले असते. आता तो दूरध्वनीवर ‘एक दाबा, दोन दाबा’ करत बसतो, आणि शेवटी जो बोलतो त्याला लॉकबॉइसडेल नकाशात शोधावे लागते.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. २०२३ च्या कायद्याने तिथल्या वित्तीय नियामकाला रोखीची उपलब्धता सांभाळण्याचे अधिकार मिळाले आणि १८ सप्टेंबर २०२४ पासून नियम लागू झाले. आता मोठ्या बँकेला शाखा बंद करायची असेल तर तिथे रोखीच्या सोयीत खड्डा पडतो का हे तपासावे लागते, आणि पडत असेल तर तो आधी बुजवावा लागतो. ‘बँकिंग हब’ हा त्यातलाच उपाय. अनेक बँकांनी मिळून चालवलेली एक सामाईक जागा, टपालखात्याचा काउंटर रोज उघडा, आणि आठवड्याच्या वेगवेगळ्या वारी वेगवेगळ्या बँकेचा माणूस हजर. एसेक्समधले रॉचफर्ड आणि स्कॉटलंडमधले कँबसलँग इथे २०२१ मध्ये याचा प्रयोग झाला, २०२४ संपेपर्यंत शंभराच्या आसपास केंद्रे उघडली आणि सरकारने ३५० चे उद्दिष्ट ठेवले आहे. ही चांगली सुरुवात आहे आणि मी तिचे मनापासून स्वागत करतो. पण कायद्याचा विषय नीट वाचला तर तो ‘रोखीची उपलब्धता’ एवढाच आहे. कर्ज देण्याचा अधिकार असलेला माणूस गावात असावा, असे त्यात कुठेही नाही. दुखण्याची लहान बाजू कायद्याने धरली, मोठी सुटली.

आपल्याकडची स्थिती थोडी वेगळी आहे. ग्रामीण केंद्रातली एकमेव शाखा असेल तर ती बँकेला परस्पर बंद करता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे तो विषय आधी जिल्हास्तरीय सल्लागार समितीपुढे यावा लागतो. नियम नेहमी पुरतोच असे नाही, पण ‘शेवटची शाखा’ ही वेगळी गोष्ट आहे हे तत्त्व त्यात मान्य केलेले आहे. ब्रिटनमध्ये हे तत्त्व बँकेच्या स्वेच्छेच्या ग्वाहीपुरते होते. ग्वाही मागे पडली तेव्हा बँकेला अडवणारे कुणी नव्हते.

आता पतसंस्थेकडे येऊ. तिथल्या लोकांना हे सुचले आहे आणि त्यांनी केलेही आहे. ब्रिटनमध्ये तिला ‘क्रेडिट युनियन’ म्हणतात. लुइस बेटावरच्या स्टॉर्नोवे इथे ‘हाय-स्कॉट’ नावाची अशी संस्था आहे आणि ती हायलँड्स व बेटांवरच्या रहिवाशांसाठी काम करते. एकत्र येऊन मोठे काम उभे करण्याची सवयही बेटांना आहे. एग बेटाच्या रहिवाशांनी १९९७ मध्ये देणग्या जमवून जमीनदाराकडून अख्खे बेट विकत घेतले आणि ते आजही स्वतःच चालवतात.

अडचण कायद्याच्या रचनेत आहे. महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था मुळात छोट्या व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या गरजेतून वाढल्या, त्यामुळे दुकानाला माल भरायला कर्ज देणे हे त्यांचे नेहमीचे काम. ब्रिटनमधल्या क्रेडिट युनियनची घडण व्यक्तींसाठी झाली : पगारदाराला, गृहिणीला अडीनडीला लहान कर्ज. धंदा करणाऱ्या संस्थेला तिथे सभासदच होता येत नव्हते. जानेवारी २०१२ मध्ये कायदा बदलला आणि ती दारे उघडली, पण अशा संस्था-सभासदांचे प्रमाण एकूण सभासदांच्या दहा टक्क्यांच्या आत आणि त्यांना द्यायच्या कर्जांचे प्रमाणही एकूण कर्जांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट घातली गेली. शहरातल्या नोकरदारांच्या क्रेडिट युनियनला ही अट जाचत नसेल. ज्या बेटावर प्रत्येक दुसऱ्या घरात काही ना काही धंदा आहे, तिथे ती लगेच आड येते. ती बेटांपुरती सैल केली आणि बँकिंग हबमध्ये येणाऱ्या माणसाला ठरावीक रकमेपर्यंत कर्ज मंजूर करण्याचा अधिकार दिला, तर कॅसलबेच्या दुकानदाराला आज ज्याची सर्वांत जास्त निकड आहे ते बेटावरच मिळू शकेल. या दोन्ही गोष्टींना नवी इमारत लागत नाही आणि बोटही लागत नाही.